नाममुद्रा, टोपणनाव आणि उत्तरदायित्व

१

लेखनाखाली लेखकाचे खरे नाव असावे की नसावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने विचारला जातो. स्वतःच्या नावाने लिहिणारा तो धीट आणि प्रामाणिक. नाव झाकणारा तो भित्रा, नाहीतर कपटी. ‘निनावी पत्र’ या मराठी शब्दाला तर दुष्ट हेतूचा वासच चिकटलेला आहे. जुळत आलेली सोयरीक मोडणारे आणि कचेरीतील सहकाऱ्याला गोत्यात आणणारे पत्र निनावीच असते, असा लोकानुभव आहे. शासनव्यवहारानेही याच समजुतीला मान्यता दिली. निनावी अथवा टोपणनावाने केलेल्या तक्रारींवर कारवाई करू नये, असा आदेश केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये काढला. या आदेशात निनावी आणि टोपणनावाची अशा दोन्ही तक्रारी एकाच पंक्तीला बसविल्या आहेत. प्रशासनाच्या सोयीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हा भेद पुसून टाकता येत नाही.

याच्या उलट टोकाला दुसरी एक भूमिका आढळते. नाव गळून पडले की माणूस मनातले बोलतो, म्हणून अनामिकता हेच सत्यकथनाचे खरे द्वार, असे ती मानते. या दोन्ही भूमिका नावाला एकसंध वस्तू समजतात आणि तिथेच त्यांची गफलत होते. लेखनाखालचे नाव किमान तीन निरनिराळी कामे करीत असते. ते लिहिणाऱ्या देहाचा पत्ता सांगते. एका लेखनाला त्याच हातच्या दुसऱ्या लेखनाशी जोडून सातत्य निर्माण करते. आणि लिहिलेल्या शब्दाबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे ठरवून देते. पत्ता, सातत्य आणि उत्तरदायित्व ही तिन्ही कामे एकाच नावाने केली पाहिजेत, असा नियम मराठी लेखनपरंपरेत फार काळ नव्हता. ती वेगवेगळ्या प्रकारे वाटून दिली जात होती. ही वाटणी कशी होत गेली आणि ती करण्याची मुभा कोणाला होती, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखकाचे नाव आणि शिक्षेची शक्यता यांचा संबंध दाखवून दिला होता. तो येथे गृहीत धरला आहे. परंतु शिक्षा कोणाला आणि किती, हा प्रश्न आपल्या समाजात लिंग आणि जात यांना वगळून विचारताच येत नाही.

२

हे लेखन जेथे होत आहे ते येलहंका हे नावांच्या विचाराला सोयीचे ठिकाण आहे. बंगळूरचा संस्थापक म्हणून ज्याचा गौरव होतो तो पहिला केंपेगौडा येथल्या नाडप्रभूंच्या घराण्यातला. पुढे त्या घराण्यात केंपेगौडा हे नाव पुन्हा आले, आणि एका नावामागे एकाहून अधिक माणसे उभी राहिली. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात गेले आणि शहाजीराजांकडे आले. त्यांच्या येथल्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात निरनिराळ्या भाषांत रचना करणारे कवी आपापल्या नावाने राजासमोर येतात. दरबारातला कवी नावाने ओळखला जाणे स्वाभाविकच होते, कारण बिदागी नावावर मिळते. दरबाराबाहेरच्या भक्तिकाव्यात नावाचा व्यवहार निराळा होता. तो पाहण्यासाठी कन्नड आणि मराठी परंपरा शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते.

बाराव्या शतकातील कन्नड वचनकार आपल्या वचनाच्या शेवटी स्वतःचे नाव घालीत नाहीत. तेथे इष्टदेवतेचे नाव येते आणि त्याला ‘अंकित’ म्हणतात. बसवण्णांचे अंकित ‘कूडलसंगमदेव’, अक्कमहादेवींचे ‘चन्नमल्लिकार्जुन’, अल्लमप्रभूंचे ‘गुहेश्वर’. व्यक्तीचा पत्ता येथे पुसला आहे, पण सातत्य पुसलेले नाही. अंकितावरून वचन कोणाचे ते कळते. काही वचनकारांची तर केवळ अंकितेच मागे उरली आहेत, व्यक्तिनावे नाहीत. मराठी संतांनी बहुतांशी दुसरा मार्ग धरला. तुकोबा, नामदेव, चोखोबा, जनाबाई हे स्वतःचे नावच अभंगात गुंफतात. तथापि हा भेद सरळ रेघेने कापलेला नाही. ज्ञानदेवांच्या अभंगांतील ‘बापरखुमादेवीवरु’ ही मुद्रा देवतेच्या नावाची असून तिचे नाते कन्नड अंकिताशी जुळते. एकनाथ आपल्या नावाला गुरूचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा करतात.

या दोन परंपरांच्या तुलनेतून आपल्या प्रश्नाला उपयोगी असे दोन मुद्दे निघतात. पहिला असा की, व्यक्तिनावाची मुद्रा म्हणजे व्यक्तीचा दाखला नव्हे. ‘नामा’ या मुद्रेखाली ज्या रचना आज मिळतात त्या सगळ्या तेराव्या-चौदाव्या शतकातील एका नामदेवाच्या नाहीत, हे अभ्यासकांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. विष्णुदास नामा आहे, आणि कीर्तनपरंपरेतील कित्येक अज्ञात हातही आहेत. आपले नाव न ठेवता नामदेवाच्या नावात आपली रचना मिसळून देणारा कीर्तनकार निनावीही आहे आणि सनामही आहे. दुसरा मुद्दा असा की, देवाच्या नावाची मुद्रा म्हणजे बेवारस मुद्रा नव्हे. बसववचनांतील ‘कूडलसंगमदेव’ या अंकिताच्या जागी माते महादेवी यांनी ‘लिंगदेव’ हे अंकित घालून आपली आवृत्ती काढली. तेव्हा कर्नाटक शासनाने १९९८ मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी कायम ठेवली. ज्या मुद्रेत कवीचे नावच नाही, ती मुद्रा बदलल्याबद्दल आठशे वर्षांनंतर एवढा वाद व्हावा, यावरून एक गोष्ट लक्षात येते. वाचकसमूहाच्या दृष्टीने पत्त्यापेक्षा सातत्य अधिक मोलाचे असते.

मुद्रेत काय झाकले जाते याइतकेच काय उघडे ठेवले जाते, हेही पाहावे लागते. सोयराबाई स्वतःचा निर्देश चोखोबाची महारी असा करतात. तेथे पतीचे नाव आहे, जात आहे. व्यक्तिनाव मागे सरले आहे. जी जात समाजाने डाग म्हणून लावली तीच देवासमोर सही म्हणून ठेवली गेली आहे. हिला नम्रता म्हणावे की आव्हान, याचा निर्णय संदर्भ पाहूनच करावा लागेल. परंतु नावाचा कोणता भाग पुढे करायचा, ही निवड अर्थपूर्ण असते, एवढे येथे निश्चित होते. पुढील विवेचनात हाच निकष वापरला आहे.

३

मुद्रणाबरोबर नावाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. छापील मजकूर अनोळखी माणसांच्या हाती जातो आणि लेखक ऐकणाऱ्यांच्या समोर नसतो. मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झालेली ‘शतपत्रे’ हे मराठीतील या स्थितीचे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल. पत्रांखाली ‘लोकहितवादी’ अशी सही असे. लेखक गोपाळ हरि देशमुख हे तेव्हा पंचविशीतले, सरकारी नोकरीतले आणि ज्या ब्राह्मणवर्गावर पत्रांत कोरडे ओढले जात होते त्याच वर्गातले होते. ‘लोकहितवादी’ या नावात कूळ, जात, गाव किंवा हुद्दा यांपैकी काही नाही. लेखनाचा हेतू मात्र आहे. वाचकाने लेखकाची जात पाहून मजकुराचे वजन ठरवू नये, असा त्या सहीचा अर्थ लावता येतो.

येथे जाब कोणाला विचारायचा? पहिले उत्तर संपादकाकडे जाते. भाऊ महाजनांनी ही पत्रे छापली आणि ती छापण्याची जबाबदारी उघडपणे स्वीकारली. कायद्याची रचनाही याला धरूनच होती. १८३५ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांना आपले नाव व ठिकाण जाहीर करावे लागे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणीच्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकांचे नाव छापणे बंधनकारक केले. लेखकाचे नाव छापलेच पाहिजे, असा आग्रह मात्र त्यात नव्हता. म्हणजे अनामिक लेखन कायद्याच्या दृष्टीने बेवारस नव्हते. त्याच्यामागे पत्ता असलेला कोणीतरी उभा होता. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानेही अनामिक आणि टोपणनावाच्या कृतींची स्वतंत्र तरतूद केली. लेखकाची ओळख उघड झाली नाही तर हक्काची मुदत प्रकाशनापासून मोजायची, उघड झाली तर लेखकाच्या मृत्यूपासून. कायदा येथे दंड करीत नाही, वाट पाहतो.

दुसरे उत्तर काळाने दिले. देशमुखांनी हे नाव सोडले नाही. पुढे त्याच नावाचे मासिकही चालविले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (१८७४-१८८१) प्रखर टीका केली ती लोकहितवादींवर, तेच नाव घेऊन. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या मजकुराचा हिशेब ज्या नावाला विचारला जातो, ते नाव पितृदत्त नसले तरी उत्तरदायी असते. टोपणनाव आणि निनावीपणा यांतील निर्णायक फरक हाच आहे. निनावी पत्र एकदाच बोलते आणि निघून जाते. टिकून राहिलेले टोपणनाव स्वतःची पत निर्माण करते, आणि पत निर्माण झाली की ती गमावण्याचा धोकाही येतो.

विसाव्या शतकातील कवींची बरीचशी नावे या चर्चेच्या बाहेर ठेवावी लागतात. गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे भावंडांच्या नात्यातून घडली. कन्नडमध्ये द. रा. बेंद्रे यांचे ‘अंबिकातनयदत्त’ हे नाव आईच्या नात्यातून घडले; घरी मराठी बोलणाऱ्या या कवीने नावातही नाते पुढे केले, हे साम्य लक्षणीय आहे. पण या नावांमागची माणसे वाचकाला ठाऊक असत. ती अलंकारनामे होत. त्यांच्यावर कोणाचे संरक्षण अवलंबून नव्हते.

४

संरक्षणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो स्त्रियांच्या लेखनात. तीन उदाहरणे क्रमाने पाहू.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ आपल्या पूर्ण नावाने प्रसिद्ध केले. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याच्या निमित्ताने लिहिलेल्या या पुस्तकावर प्रतिकूल टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आढळत नाही, आणि हे एकमेव पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत जवळजवळ विस्मृतीत गेले होते. या मौनाचे कारण निश्चित सांगता येणार नाही. पण उघड नावाने लिहिल्यामुळे लेखिकेला सार्वजनिक जीवनात स्थान मिळतेच, हा समज तरी या उदाहरणाने टिकत नाही.

रखमाबाईंचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने पत्रे आली. त्याच सुमारास दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला उच्च न्यायालयात चालू होता. म्हणजे एकाच शहरात एकाच वेळी एक स्त्री न्यायालयाच्या दप्तरात नावानिशी होती आणि वृत्तपत्राच्या स्तंभात नावाशिवाय. न्यायालयातले नाव तिने निवडलेले नव्हते. ती तेथे प्रतिवादी होती. वृत्तपत्रातली सही तिने निवडली, आणि त्या सहीत धर्म व लिंग ठेवून कुटुंब आणि जात वगळली. त्यामुळे एका खटल्यातील तक्रार एका वर्गाची कैफियत झाली. १८८७ मध्ये नवऱ्याकडे नांदायला जा अथवा सहा महिने कैद भोगा असा निकाल लागला, तेव्हा उघड नावाची किंमत काय असते हे सर्वांना दिसले. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, ही तिची भूमिका नावानिशी होती. तेव्हा नाव झाकणे आणि धैर्य यांत विरोध मानण्याचे कारण नाही. तीच स्त्री दोन्ही करू शकते. कोणत्या ठिकाणी कोणती सही, एवढाच प्रश्न असतो.

तिसरे उदाहरण विभावरी शिरूरकर यांचे. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रकाशित केला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट, त्यांच्या मिळकतीवर विसंबलेली घरे, आणि ज्या इच्छांना नाव देण्याची रीत नव्हती त्या इच्छा असा या कथांचा विषय. पुस्तकावर वादळ उठले, आणि त्याचा मोठा भाग पुस्तकाबद्दल नव्हता. विभावरी कोण, हे शोधण्याबद्दल होता. पाठोपाठ आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ने तो वाढविला. अनामिकतेची एक किंमत येथे मान्य केली पाहिजे: वाचक मजकुरापाशी थांबण्याऐवजी चेहऱ्याच्या शोधात निघतो. उघड नावाने मात्र हे टळले असते असे नाही. तेव्हा तो लेखिकेच्या चारित्र्याच्या शोधात निघाला असता.

ही लेखिका म्हणजे बाळुताई खरे, महर्षी कर्वे यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि तेथेच शिकविणाऱ्या. त्यांनी निवडलेल्या नावाची घडण नीट पाहण्यासारखी आहे. ब्राँटी भगिनींनी १८४६ मध्ये बेल हे आडनाव घेताना स्त्री की पुरुष हे कळणार नाही अशी पहिली नावे निवडली. ‘विभावरी’ हे नाव निःसंशय स्त्रीचे आहे. लिंग झाकायचे नव्हतेच, कारण हे लेखन स्त्रीचे म्हणून वाचले जाणे आवश्यक होते. झाकायचे होते ते ‘खरे’ हे आडनाव. महाराष्ट्रात आडनाव बहुधा जात आणि कूळ सांगते. ‘शिरूरकर’ केवळ गाव सांगते, आणि खरे कुटुंबाचे घोडनदी-शिरूरशी नाते होते. म्हणजे नावात खोटे काही नाही. ते अर्धे सत्य सांगते आणि ज्या अर्ध्यामुळे घरच्यांवर आणि ज्या शाळेत ही स्त्री शिकवीत होती तिच्यावर गहजब झाला असता, ते अर्धे मागे ठेवते.

याच लेखिकेने अभ्यासपर लेखन स्वतःच्या नावाने केले. ‘अलंकारमंजूषा’ बाळुताई खरे यांच्या नावावर आहे, ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ मालतीबाई बेडेकर यांच्या. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर रूढीप्रमाणे त्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. बदलले नाही ते विभावरी शिरूरकर हे नाव. रहस्य उरले नव्हते तेव्हाही ‘बळी’ (१९५०) आणि ‘शबरी’ (१९६२) त्याच नावाने आल्या. विवाहित स्त्रीच्या बाबतीत ‘खरे नाव’ या शब्दप्रयोगाचा पोकळपणा येथे उघडा पडतो. आधी वडिलांचे आणि मग नवऱ्याचे असे दोन वेळा दुसऱ्याने दिलेले नाव खरे, आणि जवळजवळ तीस वर्षे स्वतः जपलेले, ज्यावर सगळी स्तुतिनिंदा झेलली ते नाव मात्र खोटे, असे म्हणणे कठीण आहे. सातत्य आणि उत्तरदायित्व या दोन कसोट्यांवर विभावरी शिरूरकर हेच अधिक खरे नाव ठरते.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून टोपणनावाची सरसकट तरफदारी करण्याचा मोह होईल. दलित लेखन तो मोडून काढते. ज्यांना समाजाने शतकानुशतके नावाने हाकच मारली नाही, त्यांच्या दृष्टीने नाव झाकण्याचे स्वातंत्र्य हे पहिले स्वातंत्र्य नव्हे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला तो मुक्ता या फुल्यांच्या शाळेतील मुलीच्या नावाने. ती मांग जातीची आहे हे निबंधातच उघड होते. तेथे नाव गाळले असते तर निबंधाचा अर्धा अर्थ गेला असता. ही जात लिहू शकते, हेच त्या सहीचे विधान होते.

‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात दया पवार यांनी याच्या पुढची पायरी गाठली. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. दगडू हे जन्मनाव, दया हे साहित्यातले नाव. सवर्ण साहित्यव्यवहारात प्रतिष्ठा मिळालेले नाव ऐकणाऱ्याच्या जागी बसते आणि दप्तरातले, लाज वाटायला लावणारे नाव बोलू लागते. विभावरींना लिहिण्यासाठी दिलेल्या नावापासून दूर जावे लागले; दया पवारांना लिहिण्यासाठी दिलेल्या नावाकडे परतावे लागले. दिशा उलट आहे, पण दोघांनीही नावाचा कोणता भाग पुढे करायचा याचा निर्णय स्वतःच्या हाती घेतला.

अनामिकता लादलेली असते तेव्हा तिचा गौरवही संशयाने पाहावा लागतो. जात्यावरच्या ओव्यांना आपण ‘अनामिक लोकप्रतिभा’ म्हणतो. त्या रचणाऱ्या बायका त्यांच्या वाड्यावस्तीत अनामिक नव्हत्या; संग्राहकाने नाव टिपले नाही म्हणून त्या तशा झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन उभे करताना गाणारीचे नाव आणि गाव नोंदविले, तेव्हा हा ‘लोक’ एकेका बाईत वेगळा दिसू लागला.

६

स्वतःच्या नावाने लिहिण्याचे मोल या विवेचनाने कमी होत नाही. वचनसाहित्याचे संशोधक एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला, तर पत्रकार गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरमध्ये, त्यांच्या घरी हत्या झाली. उघड नावाला घराचा पत्ता जोडलेला असतो, हे वाक्य या दोन तारखांनंतर अलंकारिक राहत नाही. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांनी जानेवारी २०१५ मध्ये लेखक पेरुमाळ मुरुगन मरण पावला असून पी. मुरुगन हा शिक्षक तेवढा उरला आहे, असे जाहीर केले. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो लेखक पुन्हा लिहिता झाला. उघड नावाने लिहिणाऱ्यालाही आपले नाव दोन तुकड्यांत फोडून एक तुकडा वाचवावा लागला, असा याचा अर्थ होतो.

तेव्हा प्रत्येकाने आपल्या खऱ्या नावानेच बोलावे, ही मागणी वरवर समान दिसली तरी समान नाही. ज्याचे आडनावच त्याला संरक्षण देते त्याला ती काहीच मागत नाही. जिचे आडनाव तिला घरी, शाळेत किंवा न्यायालयात अडकवू शकते तिच्याकडे ती बरेच काही मागते. त्याचबरोबर नावाशिवाय केलेले प्रत्येक बोलणे मुक्त बोलणे असते, हेही खरे नाही. लेखन पारखताना विचारायचे प्रश्न निराळे आहेत. हे नाव उद्याही याच शब्दांपाशी उभे राहील काय? त्याच्या वतीने जाब द्यायला संपादक, प्रकाशक किंवा ते नाव स्वतः पुढे येईल काय? आणि नावाचा जो भाग झाकला आहे तो कोणाच्या रक्षणासाठी झाकला आहे, दुर्बलाच्या की दुर्बलावर वार करणाऱ्याच्या? सोयरीक मोडणारे निनावी पत्र या तिन्ही प्रश्नांवर नापास होते. ‘लोकहितवादी’ आणि ‘विभावरी शिरूरकर’ या दोन्ही सह्या त्यांवर उतरतात, आणि जन्मनावाने केलेल्या कित्येक सह्या उतरत नाहीत. मराठी टोपणनावांचा कोश करताना आपण आजवर नावापुढे माणूस लिहून थांबलो आहोत. त्या नावाने काय झाकले, काय उघडे ठेवले आणि जाब कोणी दिला, हे तीन रकाने त्यात वाढविल्याशिवाय तो कोश साहित्येतिहासाच्या उपयोगाचा होणार नाही.